दोन आयांचे दोन मुलगे

'कोडा' या सिनेमात दवाखान्यातला एक प्रसंग आहे. सतरा वर्षांची रूबी आईवडिलांना घेऊन डॉक्टरकडे आली आहे. दोघांनाही ऐकू येत नाही. वडिलांना नको त्या जागी खाज सुटली आहे, आईलाही तोच त्रास आहे, आणि डॉक्टरचा सल्ला असा की काही दिवस नवराबायकोने एकमेकांपासून लांब राहावं. वडिलांची तक्रार डॉक्टरला तोंडाने सांगायची आणि डॉक्टरचा सल्ला आईवडिलांना हातांनी सांगायचा, हे दोन्ही काम या पोरीचं. वडील तर आपला त्रास इतक्या तपशिलात, इतक्या रंगून सांगतात की तिला जमीन दुभंगली तर बरं असं होतं. आपण पोट धरून हसतो. थोड्या वेळाने मनात येतं, की हे काम या मुलीकडे आलं कधीपासून? बहुधा तिला दोन्ही भाषा येऊ लागल्या त्या दिवसापासून.

अमेरिकेतल्या काही बहिऱ्या प्रेक्षकांनी नेमकं या प्रसंगावर बोट ठेवलं. तिथे 1990 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. बहिऱ्या रुग्णासाठी दुभाष्याची सोय करणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे, आणि आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलाला दुभाष्या करता येत नाही, हे पुढे नियमांतही स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे 2021 सालच्या सिनेमातला तो डॉक्टर सरळसरळ कायदा मोडतो आहे आणि दिग्दर्शिका त्यावर विनोद करते आहे. आक्षेप खरा आहे. पण कायदा झाला म्हणून घरोघरच्या रूबी मोकळ्या झाल्या, असंही नाही. (या लेखात मी 'बहिरा' हाच शब्द वापरतो आहे. 'मूकबधिर' या जोडशब्दातला पहिला अर्धा भाग साफ खोटा आहे. ज्यांना भाषा आहे ते मुके कसे?)

सिनेमाचं नाव हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द आहे. बहिऱ्या आईबापांचं मूल, असा त्याचा अर्थ. अशा मुलांची एक संघटना अमेरिकेत 1983 साली मिली ब्रदर यांनी सुरू केली, तेव्हा हे नाव रूढ झालं. त्या नावाच्या मागे मात्र दीडदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट दोन पुरुषांची आहे. दोघांना उत्तम ऐकू येत होतं. दोघांच्या आया बहिऱ्या होत्या. आणि बहिऱ्यांनी हातांनी बोलावं की तोंडाने, या एका प्रश्नावर दोघे वर्षानुवर्षं एकमेकांविरुद्ध उभे राहिले. त्यातल्या एकाचं नाव शाळेच्या पुस्तकामुळे आपल्याला पाठ आहे. दुसऱ्याचं आपण बहुतेक ऐकलेलंही नसतं.

त्यांच्याआधी थोडं समुद्राकडे जाऊ. 'कोडा'मधलं रॉसी कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात मासेमारी करतं. त्याच राज्यात दक्षिणेला मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या केंट परगण्यातून आलेल्या काही घराण्यांबरोबर तिथे आनुवंशिक बहिरेपण आलं, आणि बेटावरच्या आपसातल्या लग्नांमुळे पिढ्यान् पिढ्या टिकलं. नोरा एलन ग्रोस या मानववंश अभ्यासिकेने 1985 साली या बेटावर पुस्तक लिहिलं. तिच्या हिशेबाने एकोणिसाव्या शतकात उरलेल्या अमेरिकेत साधारण 5,700 माणसांमागे एक जन्मतः बहिरा होता, बेटावर 155 मागे एक, आणि चिलमार्क या गावात 25 मागे एक. म्हणजे प्रत्येकाच्या नात्यात, शेजारात, नावेवर कुणी ना कुणी बहिरं होतंच. मग गावाने काय केलं? सगळ्यांनीच हातांची भाषा शिकून घेतली. ऐकू येणारे कोळीसुद्धा एका होडीवरून दुसऱ्या होडीशी खुणांनी बोलत, कारण वाऱ्यात ओरडण्यापेक्षा ते सोपं. ग्रोस जुन्या माणसांना खोदून खोदून विचारायची की अमुक माणूस बहिरा होता का, तर त्यांना आठवावं लागायचं.

आता 'कोडा'मधला बोटीवरचा प्रसंग आठवून पाहावा. एका दिवशी रूबी बोटीवर जात नाही. तटरक्षक दल रेडिओवरून हाका मारतं, भोंगे वाजवतं, आणि बाप-लेक निवांत जाळं ओढत राहतात. बोटीवर ऐकणारं माणूस नाही म्हणून त्यांचा परवानाच धोक्यात येतो. समुद्र तोच, धंदाही तोच. बेटावर जे ओझं सगळ्या गावाने वाटून घेतलं होतं, ते इथे एका शाळकरी मुलीच्या डोक्यावर आहे.

बेटावरची बहिरी मुलं पुढे शिकायला कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जाऊ लागली. 1817 साली तिथे अमेरिकेतली बहिऱ्यांची पहिली कायमस्वरूपी शाळा निघाली. टॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा तरुण पाद्री शेजारच्या ॲलिस कॉग्सवेल या बहिऱ्या मुलीसाठी शिक्षणाची पद्धत शोधत युरोपला गेला होता. ब्रिटनमध्ये ब्रेडवुड घराण्याच्या शाळा होत्या, पण त्यांनी आपली विद्या एखाद्या वैदूच्या मुळीसारखी जपून ठेवली होती. पॅरिसच्या शाळेने मात्र दार उघडलं. तिथला बहिरा शिक्षक लॉराँ क्लेर्क त्याच्याबरोबर जहाजात बसून अमेरिकेला आला. क्लेर्कच्या फ्रेंच खुणा, मुलांनी घरून आणलेल्या खुणा आणि बेटावरच्या खुणा मिळून आजची अमेरिकन खुणांची भाषा घडली.

पहिल्याच वर्षी त्या शाळेत सोफिया फाउलर नावाची एकोणीस वर्षांची जन्मबहिरी मुलगी दाखल झाली. बरोबर तिची बहिरी बहीण पार्नेल होती. एकोणीस वर्षांची होईपर्यंत सोफियाला अक्षरओळख करून देणारी शाळाच नव्हती. चार वर्षांनी, 1821 साली, तिने शाळेच्या प्रमुखाशी, म्हणजे टॉमस गॅलॉडेटशीच लग्न केलं. त्यांना आठ मुलं झाली. सगळ्यांत धाकटा एडवर्ड, जन्म 1837 चा. आईच्या हातांतून भाषा शिकत तो मोठा झाला. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. काही काळ त्याने हार्टफर्डमध्ये बँकेत नोकरी केली, आणि वयाच्या विसाव्या वर्षी वॉशिंग्टनला निघालेल्या बहिऱ्यांच्या नव्या शाळेचा प्रमुख म्हणून त्याला बोलावणं आलं. तो गेला तो आईला घेऊन. साठीला टेकलेली सोफिया मुलांच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहू लागली. शाळेला मदत मिळवायची तर काँग्रेसच्या सभासदांना भेटावं लागे, आणि त्या भेटीगाठींत सोफिया असे. बहिरी बाई कशी असते याचं ती चालतंबोलतं उत्तर होती. 1864 च्या एप्रिलमध्ये लिंकनने संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या विधेयकावर सही केली. देशात यादवी युद्ध पेटलेलं असताना बहिऱ्यांसाठी महाविद्यालय सुरू झालं. आज ते गॅलॉडेट विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं.

दुसरी आई एडिंबरोची. एलायझा सायमंड्स. चित्रं काढायची, पियानो उत्तम वाजवायची. ऐकण्यासाठी ती कानाला नळी लावे, आणि त्या नळीचं तोंड पियानोच्या लाकडावर टेकवून वाजवत असे. तिचा नवरा उच्चारशास्त्राचा शिक्षक होता. कुठल्याही भाषेतला कुठलाही आवाज तोंडाची ठेवण पाहून काढता यावा, अशी 'दृश्य वाणी' नावाची लिपी त्याने तयार केली होती. मधला मुलगा अलेक, 1847 चा. घरातले बाकीचे लोक एलायझाच्या नळीत मोठ्याने बोलत. अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या, खोल आवाजात बोलायचा, म्हणजे कंपनं तिच्यापर्यंत पोहोचत. घरात गप्पा चालल्या असल्या की तो तिच्याशेजारी बसून दोन्ही हातांच्या इंग्रजी मुळाक्षरांनी तिला सगळं बोलणं टिपून सांगायचा. आज भारतातली बहिरी माणसं एखादं इंग्रजी नाव बोटांवर लिहितात ते याच दोन हातांच्या घराण्यातल्या अक्षरांनी. हा अलेक म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. टेलिफोन नंतरचा. आधी तो आपल्या आईचा दुभाष्या होता.

बेल 1871 मध्ये बॉस्टनला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. मेबल हबर्ड ही त्याची शिष्या पुढे त्याची बायको झाली. पाचव्या वर्षी तापात तिचं ऐकणं गेलं होतं, पण तोवर बोलणं आलेलं होतं, आणि ओठ वाचण्यात ती इतकी तरबेज होती की तिला खुणांची गरजच भासली नाही. या सगळ्या प्रकरणाची गोम मला इथे दिसते. बेलच्या आयुष्यातल्या दोन्ही बायकांना इंग्रजी तोंडाने बोलता येत होतं. बहिरेपण म्हणजे असलेल्या भाषेवर ओढलेला पडदा, हे त्याने घरी पाहिलं होतं. एडवर्ड गॅलॉडेटच्या आईला हातांच्या भाषेखेरीज दुसरी स्वतःची भाषा नव्हती, आणि त्या भाषेत तिने आठ मुलं वाढवली होती. दोघांनीही आपापल्या आईवरून सगळ्या बहिऱ्यांचा अंदाज बांधला. मला यात सोफियाच्या मुलाचा अंदाज जास्त माणसांना लागू पडणारा वाटतो, कारण बेलच्या घरातल्या बायकांना जे आधीच मिळालेलं होतं ते जन्मबहिऱ्या मुलाला कुठून तरी मिळवावं लागतं.

1880 च्या सप्टेंबरमध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 164 प्रतिनिधींमध्ये बहिरा माणूस एकच, वॉशिंग्टनच्या शाळेतला जेम्स डेनिसन. शाळांमधून खुणा बंद करून केवळ वाचेने शिकवावं, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. एडवर्ड गॅलॉडेट, त्याचा भाऊ टॉमस आणि त्यांचे अमेरिकी सहकारी विरोधात राहिले. त्यांच्याबरोबर एक इंग्रज शिक्षक होता. बाकी सभागृह एका बाजूला. गॅलॉडेट वाचेचा शत्रू नव्हता. ज्या मुलाला जमेल त्याला बोलायला शिकवा, पण हात बांधू नका, एवढंच त्याचं म्हणणं. गंमत अशी की याच 1880 साली त्याच्या महाविद्यालयाने बेलला सन्माननीय पदवी दिली होती.

तीन वर्षांनी बेलने राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. बहिऱ्यांच्या शाळांचे दाखले तपासून, सारखी सारखी येणारी आडनावं मोजून त्याने असं मांडलं की बहिरी माणसं एकत्र शिकतात, एका भाषेत बोलतात, म्हणून एकमेकांशी लग्नं करतात, आणि अशाने माणसांची एक बहिरी जातच तयार होईल. अशा लग्नांवर कायद्याने बंदी घालावी असं मात्र त्याने सुचवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ते व्यवहार्य नाही हे त्याला कळत होतं. त्याने सुचवलं ते असं: निवासी शाळा मोडा, खुणांची भाषा काढा, बहिरे शिक्षक नेमू नका. जो मुलगा आईच्या कपाळाशी तोंड नेऊन बोलायचा, त्याच्याच हातचा हा कागद आहे. तो वाचताना मला बेलचा राग येतो आणि तो पुरता टिकत नाही. त्याला बहिऱ्यांबद्दल कळवळा होता यात शंका नाही. त्याला खुणाही चांगल्या येत होत्या. एका बहिऱ्याने दुसऱ्या बहिऱ्यावर प्रेम करावं ही कल्पना मात्र त्याला आपत्तीसारखी वाटली.

पुढे 1891 मध्ये गॅलॉडेटने शिक्षक घडवण्याचा वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा त्यातून बहिरे शिक्षक बाहेर पडतील या भीतीने बेलने काँग्रेसपुढे त्याला विरोध केला. वर्ग निघाला, पण ऐकणाऱ्यांसाठी. तिकडे बेलच्याच व्होल्टा ब्यूरोने 1898 मध्ये एडवर्ड ॲलन फे यांचा बहिऱ्यांच्या हजारो विवाहांचा अभ्यास छापला, आणि त्यातून निघालं भलतंच. अशा जोडप्यांच्या दहा मुलांमधली सुमारे नऊ मुलं ऐकणारी होती. ज्या 'जाती'ची धास्ती घेतली होती ती तयार होतच नव्हती. बहिऱ्या घरांमधून जन्माला येत होत्या त्या रूबी.

शाळांमधून मात्र खुणा हद्दपार होत गेल्या. मुलांना हात पाठीमागे धरून बसायला लावणं, खुणा केल्या की शिक्षा करणं, हे अनेक पिढ्यांच्या आठवणींत आहे. वर्गात बंद झालेली भाषा रात्री वसतिगृहात, रविवारी चर्चमध्ये, बहिऱ्यांच्या क्लबात चालू राहिली. लहान मुलांना ती शिकवायची ती मोठ्या मुलांनी, आणि त्यातही बहिऱ्या घरांतून आलेल्या मुलांनी.

मग तिला वाचवायला कोण आलं, तर सिनेमा. ही भाषा कागदावर मावत नाही. एडिसनच्या काळातल्या हलत्या चित्रांनी ती प्रथमच साठवून ठेवता येऊ लागली. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 1910 पासून पैसे गोळा करून जुन्या, कसलेल्या वक्त्यांना चित्रफितीवर घेतलं. 1913 मधलं जॉर्ज व्हेडिट्झ यांचं भाषण आजही पाहता येतं. त्याच मालिकेत सत्तरी ओलांडलेला एडवर्ड गॅलॉडेटही आहे. अंगात कोट, पांढऱ्या मिशा, आणि हात चालले आहेत. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या प्रवासाची हकिकत तो सांगतो आहे. खुणा सोफियाच्या काळच्या, थोड्या ऐसपैस. एका बहिऱ्या बाईची भाषा तिच्या ऐकणाऱ्या मुलाच्या हातांत अशी जपली गेली. 1917 मध्ये तो गेला.

सिनेमा आणि ही मुलं यांचं नातं तसं जुनंच. मूकपटांचा बादशहा लॉन चेनी हा बहिऱ्या आईबापांचा मुलगा. चेहऱ्याने आणि हातांनी बोलणं त्याला शिकवायला कुणा दिग्दर्शकाची गरज नव्हती. 1976 मध्ये लुईस फ्लेचरने ऑस्कर घेताना आईवडिलांचे आभार खुणांच्या भाषेत मानले, आणि ही भाषा जगभरच्या दिवाणखान्यांत एकदम पोहोचली. तोवर विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्ये गॅलॉडेटमध्येच दाखवून दिलं होतं, की या खुणांना व्याकरण आहे. 1988 च्या मार्चमध्ये त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ऐकणारा कुलगुरू नाकारून फाटक अडवलं आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बहिरे प्रमुख मिळवले.

आपल्याकडे ही गोष्ट दोनदा सांगितली गेली. गुलजार यांच्या 'कोशिश'मध्ये (1972) बहिऱ्या जोडप्याला मूल होतं. ऐकू येतं का पाहायला आईबाप त्याच्याजवळ खुळखुळा वाजवतात. मूल दाद देत नाही. दोघांच्या पायाखालची जमीन सरकते, डॉक्टरकडे धावतात, आणि मग कळतं की खुळखुळ्यात दाणेच नाहीत. पडद्यावर इतकं साधं आणि इतकं क्रूर क्वचितच काही पाहिलं असेल. 1996 मध्ये संजय लीला भन्साळींचा 'खामोशी' आला. गोव्यातलं बहिरं जोडपं, नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास, आणि गाणारी मुलगी. त्याच वर्षी जर्मनीत कॅरोलिन लिंक यांच्या सिनेमात बहिऱ्या घरातली मुलगी क्लॅरिनेट वाजवत होती. 2014 मध्ये फ्रान्सच्या 'ला फामी बेलिए'मध्ये ती गाऊ लागली, आणि त्यावरूनच 'कोडा' झाला. या मुलींना दरवेळी संगीतच का आवडतं? बहिऱ्या घरातली मुलगी गणितात हुशार आहे, असा सिनेमा मी तरी अजून पाहिलेला नाही. बहिऱ्यांच्या आयुष्यात काय कमी आहे याची आपली, ऐकणाऱ्यांची, ठरलेली कल्पना संगीतापाशी येऊन थांबते.

'कोडा' यापासून सुटलेला नाही, पण सियान हेडर या दिग्दर्शिकेने एक गोष्ट नीट केली. फ्रेंच सिनेमात आईबाप ऐकणाऱ्या नटांनी केले होते, आणि 'कोशिश', 'खामोशी'तही. इथे आईचं काम मार्ली मॅटलिनला दिलं, आणि तिने बजावलं की बाप आणि भाऊ बहिरे नट नसतील तर मी नाही. म्हणून ट्रॉय कॉट्सर आला, डॅनियल ड्युरंट आला. 2022 च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, सहायक अभिनेता आणि रूपांतरित पटकथा, अशी नामांकनं होती तेवढी तिन्ही ऑस्कर त्याला मिळाली.

या सिनेमात मॅटलिनचा, म्हणजे आईचा, एक कबुलीजबाब आहे. ती रूबीला सांगते की तू जन्मलीस तेव्हा तुझं ऐकणं तपासलं, आणि मी मनात म्हणत होते की ही बहिरी निघू दे. ऐकणाऱ्या मुलीशी आपलं जमेल का, आपण वाईट आई ठरू का, अशी तिला भीती होती. 'कोशिश'मधला तो रिकामा खुळखुळा आणि ही कबुली, यांच्यात जेमतेम पन्नास वर्षं आहेत. तिथे मूल बहिरं निघेल म्हणून आईबापांचा जीव जातो, इथे ऐकणारं निघालं म्हणून. बेलने हे वाक्य ऐकलं असतं तर त्याला आपला निबंध खरा ठरला असं वाटलं असतं. सोफियाला काय वाटलं असतं, हा विचार मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहताना करत बसलो होतो. आठ मुलं, सगळी ऐकणारी. तिनेही पाळण्याजवळ टाळ्या वाजवून पाहिल्या असतील.

शाळेतल्या कार्यक्रमात रूबी गात असते, तेव्हा दिग्दर्शिका मध्येच आवाज पूर्ण बंद करते. काही क्षण आपणही वडिलांच्या खुर्चीत बसतो. लोकांचे ओले डोळे पाहून त्यांना कळतं की पोरगी बरी गात असावी. त्या रात्री घरी परतल्यावर ते ट्रकच्या मागच्या फळीवर बसतात आणि तिला पुन्हा गायला सांगतात. ती त्यांच्या शेजारी बसून गाते. ते तिच्या गळ्यावर हात ठेवतात, कुठे जास्त थरथरतंय ते चाचपत राहतात, आणि तिला सांगतात, मोठ्याने. एडिंबरोतल्या एका घरात एक मुलगा आईच्या कपाळाशी ओठ नेऊन असंच काहीतरी करायचा.